कागदाच्या घडीतले फ्रोबेल गुरुजी

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहायचे म्हणजे वाण्याची यादी आणि माहेरी पत्र, एवढीच सवय. पण मागच्या पावसाळ्यात आपल्या बालवाडीवरून मंडळाच्या सभेत जो वाद झाला, त्यात मीही तावातावाने बोलले होते आणि ते चुकीचे बोलले होते. ते मनात राहिले होते. म्हणून ज्यांच्यामुळे माझे मत फिरले त्या फ्रोबेल गुरुजींचीच हकिकत लिहायला घेतली.

वाद काय होता तो बहुतेक भगिनींना माहीत आहेच. आपल्या बालवाडीच्या ताई मुलांना कागद देतात. मुले फाडतात, दुमडतात, चिकटवतात. श्रावणात तर ताईंनी रद्दी बादलीत भिजत घातली, दुसऱ्या दिवशी चार-चार वर्षांच्या पोरांनी ती हातांनी कुस्करून लगदा केला, पिठाच्या जुन्या चाळणीवर पसरला, वरून फडक्याने दाबून पाणी काढले आणि उन्हात वाळवला. जाडाभरडा, करड्या रंगाचा कागद तयार झाला. मुले तो छातीशी धरून घरी घेऊन गेली. एका आईला मात्र राग आला. फी भरतो ती चिखल करायला का, बाराखडी कधी शिकवणार, असे त्या म्हणाल्या आणि सभेत मी त्यांची बाजू घेतली. शिकवणीतली मुले पाढे म्हणतात आणि आपली पोरे लगदा करतात, असे मी बोलले. ताई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी मला फ्रोबेलविषयीची दोन पुस्तके आणून दिली. एक मी वाचले, दुसरे इंग्रजी होते, ते माझ्या मुलाने संध्याकाळी वाचून अर्थ सांगितला. त्यातून जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते.

जर्मनीत थुरिंगिया नावाचा डोंगराळ, जंगलांचा मुलूख आहे. तिथल्या ओबरवाइसबाख या गावी २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रीड्रिख फ्रोबेलचा जन्म झाला. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई होती. फ्रीड्रिखचे वडील धर्मोपदेशक. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा कारभार त्यांच्याकडे, त्यामुळे घराकडे पाहायला सवड नाही. आणि मूल नऊ महिन्यांचे असताना आई गेली.

वडिलांनी पुढे दुसरे लग्न केले. नवी आई आली तेव्हा पोर चार वर्षांचे होते. सुरुवातीला तिने त्याला जवळ घेतले. पोरानेही तिच्यावर सगळा जीव टाकला. मग तिला स्वतःचा मुलगा झाला आणि सगळे बदलले. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. तिने फक्त त्याला तू म्हणायचे सोडले. जर्मन भाषेत घरच्या माणसाला जवळिकीने तू म्हणतात. ती मात्र तो समोर उभा असताना, तिऱ्हाइताविषयी किंवा नोकराशी बोलावे तसे त्याच्याशी बोलू लागली. हे वाचताना माझ्या पोटात कालवले. आपल्या भाषेतही तू आणि तुम्ही यांत किती अंतर आहे हे आपण बायका चांगले जाणतो. फ्रोबेल म्हातारे झाले तरी हे विसरले नाहीत. आत्मवृत्तात त्यांनी ते नोंदवून ठेवले आहे.

शाळेची गोष्टही नवलाची. गावात मुलांची शाळा वेगळी आणि मुलींची वेगळी होती. मुलांच्या शाळेच्या मास्तरांशी वडिलांचे पटत नव्हते आणि मुलींची शाळा त्यांच्या देखरेखीखाली होती. म्हणून त्यांनी या पोराला मुलींच्या शाळेत घातले. मुलींमध्ये बसून, मास्तरांच्या शेजारी, हा एकटा मुलगा शिकला. त्या शाळेतली टापटीप आणि शांतपणा त्याला फार आवडला. ज्या माणसाने पुढे सगळ्या जगातल्या बायकांना शिक्षिकेच्या खुर्चीवर बसवायचा हट्ट धरला, त्याचा श्रीगणेशा मुलींच्या शाळेत झाला होता, याची मला गंमत वाटते.

घरी त्याला अभ्यासात मठ्ठ म्हणत. वडील शिकवायला बसत ते थकूनभागून, मुलाला काही कळत नसे आणि मग दोघेही चिडत. मोठा भाऊ क्रिस्टोफ तेवढा मायेचा. सुट्टीत घरी आला की तो याला बागेत नेई. एकदा त्याने रानातल्या झुडपाची फुले हातात घेऊन, त्यात नर कोणते आणि मादी कोणती ते दाखवले. लहान पोराच्या मनात घरातल्या भांडणांवरून जे प्रश्न उठत होते त्यांचे उत्तर त्याला त्या फुलांत मिळाले. तेव्हापासून झाड, पान, दगड हातात घेऊन बघायचा त्याला नाद लागला.

दहाव्या वर्षी मामा त्याला स्टाटइल्म गावी घेऊन गेले. हे आईचे भाऊ. तिथे चार-पाच वर्षे पोर सुखाने वाढले. मामाकडे पाच वर्षे मिळाली नसती तर हा मुलगा कुठे गेला असता कोण जाणे. पुढे पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला एका वनरक्षकाकडे उमेदवारीला ठेवले. त्या गृहस्थाला शिकवायला सवड नव्हती, तेव्हा मुलगा एकटाच जंगलात हिंडून आणि पुस्तके वाचून शिकला.

त्यानंतरची काही वर्षे मी भरभर सांगते, कारण ती त्यांनीही धडपडत काढली. १७९९ साली दुसऱ्या एका भावाला पैसे पोचवायला येना शहरात गेले आणि तिथल्या विद्यापीठातच शिकायला राहिले. त्याच भावाला हातउसने पैसे दिले, ते परत आले नाहीत, खाणावळीचे देणे थकले आणि विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे बसावे लागले. घरच्या वाट्यावरचा हक्क सोडून दिला तेव्हा वडिलांनी सोडवले. घर बांधायची विद्या शिकायला म्हणून १८०५ साली फ्रँकफुर्टला गेले, तिथे एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी आग्रहाने वर्गात उभे केले आणि त्या दिवशी या तेवीस वर्षांच्या माणसाला आपली जागा सापडली.

स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझी नावाचे थोर शिक्षक होते. फ्रोबेल आधी त्यांच्याकडे थोडे दिवस राहून आले आणि नंतर १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे तिथे काढली. या दोन भेटींच्या मधली एक गोष्ट आपल्या विषयाच्या जवळची आहे. फ्रँकफुर्टच्या एका श्रीमंत घरातली तीन मुले त्यांच्या हवाली केली होती. फ्रोबेलनी अट घातली की मुलांना शहराबाहेर ठेवीन. तिथे मुलांना बागेचा तुकडा दिला आणि हाताने करायचे काम काय द्यावे याचा ते विचार करू लागले. विचार करता करता स्वतःचे लहानपण आठवले. एकटे पोर कागद घेऊन काय काय करीत बसे ते आठवले. मग त्यांनी मुलांना कागदाची कामे दिली, कागद जमल्यावर पुठ्ठ्याची दिली आणि पुठ्ठ्यानंतर लाकडाची. मुले त्यात तासन्‌तास रमू लागली.

म्हणजे ज्याला बोट धरायला आई नव्हती, त्या पोराने एकटेपणी कागदाशी खेळ मांडला आणि पुढे तोच खेळ लाखो मुलांच्या हाती गेला. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. माझा थोरला पाच वर्षांचा असताना त्याने विजेचे बिल कात्रीने कापून त्याचे तोरण केले होते. मी त्याला चांगले दोन धपाटे घातले होते. बिल भरायची शेवटची तारीख होती हे खरे. पण तोरण मी पाहिलेसुद्धा नाही, चुलीत घालावे तसे केरात टाकले. आता तो मोठा झाला आहे. त्याला विचारले तर आठवत नाही म्हणतो.

असो. पुढे फ्रोबेल बर्लिनला गेले, नेपोलियनविरुद्धच्या लढाईत १८१३ साली सैनिक म्हणून भरती झाले आणि तिथे त्यांना लांगेटाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन मित्र मिळाले. त्यांतले मिडेनडॉर्फ पुढे शेवटपर्यंत टिकले. लढाईनंतर बर्लिनच्या खनिजांच्या संग्रहालयात ते मदतनीस झाले. स्फटिक बघता बघता त्यांना वाटे की हा निर्जीव दगड आतल्या नियमाने कोपरे-बाजू धरत वाढतो, तसे मूलही आतूनच वाढत असले पाहिजे.

ही नोकरी सुखाची होती. पण ज्या क्रिस्टोफने लहानपणी फुले दाखवली होती, तो भाऊ १८१३ साली आजारी सैनिकांची सेवा करता करता तापाने गेला होता. त्याची तीन मुले पोरकी होती. फ्रोबेलनी नोकरी सोडली आणि १८१६ साली पाच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. पुढल्या वर्षी ती काइलहाऊ गावी गेली. दोघे मित्रही तिथे आले. १८१८ साली फ्रोबेलनी लग्न केले. पत्नीचे नाव हेन्रिएट विल्हेल्मिना, त्या बर्लिनच्या, सुखवस्तू घरातल्या आणि शिकलेल्या. अशा बाई डोंगरातल्या अर्ध्या बांधलेल्या शाळेत पोरांचे स्वयंपाकपाणी बघायला आल्या. चरित्रांतून अशा बायकांविषयी दोन ओळी असतात, पण आपल्याला कळते की साठ मुलांचे जेवण म्हणजे काय ते.

शाळा वाढत साठच्या आसपास मुलांपर्यंत गेली आणि मग सरकारला संशय आला की इथे मुलांना बंडखोर करतात. चौकशी झाली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने शाळेची स्तुतीच केली, पण लोकांच्या मनात किल्मिष बसले ते बसलेच. १८२९ साली शाळेत अवघी पाच मुले उरली. त्याआधी १८२६ साली फ्रोबेलनी माणसाच्या शिक्षणावर मोठा ग्रंथ लिहून छापला होता. मग काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये शाळा चालवल्या, अनाथ मुलांना शिकवले. तिथेच त्यांच्या ध्यानात आले की सहा-सात वर्षांचे मूल शाळेत येते तोवर फार उशीर झालेला असतो.

परत आले तेव्हा वय पंचावन्न. इतर माणसे या वयात टेकायला लोड शोधतात. हे गृहस्थ १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या लहान गावात दुकान मांडल्यासारखे बसले आणि तान्ह्या मुलांसाठी खेळणी करू लागले. त्यांना ते देणग्या म्हणत. पहिली देणगी लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी लाकडाचा गोळा, ठोकळा आणि लंबगोल नळकांडे. तिसरी म्हणजे मोठ्या ठोकळ्याचे आठ लहान ठोकळे, मोडायचे आणि पुन्हा जोडायचे. मग विटांसारखे ठोकळे, असे वाढत जायचे. या देणग्यांच्या जोडीला हाताची कामे होती आणि त्यांत कागद पुष्कळ. कागदाला सुईने टोचून चित्र करणे, पुठ्ठ्यावर दोऱ्याने शिवणे, रंगीत पट्ट्या चटईसारख्या विणणे, कातरणे आणि घड्या घालणे. लगदा करून कागद बनवणे मला त्यांच्या कामांत आढळले नाही. ते आपल्या ताईंचे.

त्या काळी कागद आजच्यासारखा पसाभर मिळत नव्हता हेही लक्षात घ्या. तिकडे कागद चिंध्यांचा होई. आपल्याकडे बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देते, तसे तिकडे चिंध्या गोळा करणारे दारोदार फिरत आणि त्या चिंध्या कुजवून, कुटून, त्यांचा लगदा जाळीवर गाळून कागद करीत. आपल्या जुन्नरच्या आणि दौलताबादच्या कागद्यांचीही रीत तीच होती, लगदा आणि चाळण. १८४० नंतर सॅक्सनी प्रांतातल्या केलर नावाच्या विणकराने लाकूड ओल्या सहाणेवर घासून त्याचा लगदा काढला आणि पुढे लाकडाचा स्वस्त कागद झाला. पण फ्रोबेलच्या मुलांच्या हाती पडलेला चौकोन हा कुणाच्या तरी जुन्या सदऱ्याचा होता असे म्हटले तरी चालेल.

घड्यांचे काम मी स्वतः करून पाहिले. चौरस कागद घ्यायचा. कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला की त्रिकोण होतो. पुन्हा दुमडला की लहान त्रिकोण. उलगडला की मधोमध फुली दिसते. आता चारही कोपरे त्या फुलीच्या मध्यावर आणून दाबायचे, की पाकीट होते, आणि ते पालथे करून पुन्हा तसेच केले की पुढची वस्तू. त्यातून होडी, टेबल, घर अशा रोजच्या वस्तू होतात, त्यांना ते जीवनातल्या आकृती म्हणत. नक्षी, चांदणी, फुले होतात त्या सौंदर्याच्या आकृती. आणि निम्मा, पाव, अष्टमांश, सारख्या बाजू, काटकोन हे जे नुसत्या घडीतून दिसते त्या ज्ञानाच्या आकृती. एकाच कागदाच्या तिन्ही. मी सातवीत भूमिती घोकून पास झाले होते. चौरसाचा कर्ण त्याचे दोन सारखे त्रिकोण करतो हे पाठ होते. ते खरेच तसे असते हे मला चाळिशीनंतर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जुन्या कॅलेंडरच्या कागदावर समजले. हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

मी एकटीच अशी नाही, हेही पुढे कळले. मद्रासकडचे टी. सुंदर राव म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी फ्रोबेलच्या या कागदाच्या घड्यांवरून सुचून १८९३ साली एक इंग्रजी पुस्तक छापले, त्यात सगळी भूमिती नुसत्या घड्यांनी करून दाखवली आहे. ते पुस्तक पुढे अमेरिकेतही छापले गेले. बालवाडीतल्या पोरांचा खेळ घेऊन आपल्याकडच्या माणसाने मोठ्यांचे गणित मांडले, याचा मला अभिमान वाटतो.

आता बालोद्यान हे नाव कसे पडले ते सांगते. लहान मुलांच्या या घराला नाव काय द्यावे हे फ्रोबेलना किती तरी दिवस सुचत नव्हते. १८४० च्या वसंतात ते मित्रांबरोबर काइलहाऊहून ब्लांकेनबुर्गला डोंगरवाटेने चालत होते. चढ संपला, खाली दरी दिसली, हिरवीगार. फ्रोबेल थबकले आणि मोठ्याने ओरडून त्यांनी नाव सांगितले, किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. आपण बालोद्यान, बालमंदिर, बालवाडी म्हणतो. तो शब्द जर्मनच आहे, इंग्रजांनी उचलून तसाच ठेवला. माझी तर समजूत होती की तो इंग्रजीच.

त्याच वर्षी २८ जूनला संस्थेची स्थापना केली. दिवस कोणता निवडला पाहा. छपाईची कला शोधणाऱ्या गुटेनबर्गच्या चारशे वर्षांचा उत्सव त्या दिवशी जर्मनीत साजरा होत होता. आणि आवाहन कुणाला केले, तर जर्मनीतल्या बायकांना आणि मुलींना. दहा थॅलरचा एक भाग अशी योजना काढली, बायकांनी भाग घ्यावेत आणि संस्था बायकांची व्हावी असे त्यांच्या मनात होते. भाग फारसे खपले नाहीत. देणगीची पावती-पुस्तके घेऊन आपण सणासुदीला दारोदार फिरतो, त्यामुळे हे मला नवे नव्हते. पैशावाचून ब्लांकेनबुर्गचे बालोद्यान १८४४ मध्ये बंद पडले. पत्नी विल्हेल्मिना त्याआधीच, १८३९ साली, गेल्या होत्या. जिने सगळे कष्ट उपसले तिला ते नाव ऐकायलाही मिळाले नाही.

तरी हा माणूस थांबला नाही. मुली तयार करीत गावोगाव फिरला. ईडा झेले नावाची तरुणी त्यांच्या पहिल्या शिष्यांपैकी, पुढे ती बालोद्यानाची शिक्षिका झाली. बाईने पगारी शिक्षिका व्हावे, हे तेव्हा तिकडेही लोकांना रुचत नव्हते. १८४८ साली रुडोल्श्टाटला शिक्षकांची सभा भरली, तिथे पुष्कळ मास्तरांनी फ्रोबेलची टर उडवली. बायका आणि खेळणी, याला शिक्षण म्हणायचे का, असा त्यांचा सूर. सभेतला माझा सूर याहून फार वेगळा नव्हता.

१८४९ साली ते लीबेनस्टाईन या औषधी झऱ्याच्या गावी होते. तिथे हवापालटासाठी बर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो नावाच्या सरदार घराण्यातल्या बाई आल्या. त्यांना घरमालकिणीने सांगितले की गावात एक वेडा म्हातारा आलाय, पोरांबरोबर उड्या मारतो. बाई मुद्दाम बघायला गेल्या. लांब पांढऱ्या केसांचा म्हातारा अनवाणी पोरांना गोल करून गाणे म्हणत नाचत होता. बाईंनी पाहिले आणि त्यांना कळले की हा वेडा नाही. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी फ्रोबेलचे काम देशोदेशी सांगण्यात घातले.

मग घाला आला. १८५१ च्या जुलैत फ्रोबेलनी एकोणसत्तराव्या वर्षी आपल्या शिष्या लुईझ लेविन यांच्याशी लग्न केले. घरात पुन्हा माणूस आले. महिना जातो न जातो तोच ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने हुकूम काढला की बालोद्याने बंद. कारण काय, तर ती मुलांना देवधर्माविरुद्ध आणि राज्याविरुद्ध शिकवतात. खरा प्रकार असा होता की फ्रोबेलचा कार्ल नावाचा पुतण्या होता, त्याने मुलींच्या उच्च शिक्षणावर पुस्तिका लिहिली होती आणि त्याचे विचार सरकारला जहाल वाटत होते. काका-पुतण्याच्या नावांत सरकारने घोळ केला. फ्रोबेलनी मंत्र्यांना लिहिले, राजाला लिहिले, पुराव्यादाखल पुस्तके पाठवली. काही उपयोग झाला नाही. घोळ उघड झाल्यावरही हुकूम मागे घेतला नाही. चेंडू, ठोकळे आणि कागदाच्या घड्या यांनी राज्य उलथेल, अशी भीती एवढ्या मोठ्या सरकारला वाटली. फ्रोबेल अमेरिकेला जायच्या गोष्टी बोलू लागले. सत्तरीच्या घरातला माणूस, नवी बायको, आणि समुद्रापलीकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून.

ते काही झाले नाही. २१ एप्रिल १८५२ रोजी सत्तरावा वाढदिवस मुलांनी आणि शिष्यांनी फुले-गाणी घेऊन साजरा केला. जूनच्या सुरुवातीला गोथा शहरात शिक्षकांची परिषद होती. फ्रोबेल आत आले आणि सगळी सभा उठून उभी राहिली. चार वर्षांपूर्वी मास्तरांनी हसून घेतले होते त्याच माणसासाठी. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २१ जून १८५२ रोजी, मारिएनताल येथे ते वारले. बंदी तशीच होती. जवळच्या श्वाइना गावी त्यांची कबर आहे. तिच्यावर दगडाचा ठोकळा, त्यावर नळकांडे आणि त्यावर गोळा आहे. दुसरी देणगी एकावर एक रचलेली. माझ्या मुलाने चित्र दाखवले तेव्हा मी लगेच ओळखले.

बंदी उठली १८६० मध्ये. मारेनहोल्ट्झबाईंनी त्यासाठी खूप खेटे घातले. पण तोवर शिष्या जर्मनीबाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ साली अमेरिकेत वॉटरटाऊन गावी आपल्या घरातच बालोद्यान काढले. जपानात १८७६ साली तोक्योला बालोद्यान निघाले, तिथे मुख्य शिक्षिका एक जर्मन बाई होत्या. जपान्यांच्या घरी कागदाच्या घड्यांची जुनी कला होतीच, तिच्यात फ्रोबेलच्या घड्या मिसळून गेल्या. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा त्यांनीही फिलाडेल्फियात बालोद्यानाची पद्धत शिकून घेतली होती. १८८९ साली शारदा सदन काढणाऱ्या बाईंनी विधवांच्या प्रश्नाइतकेच लहान मुलांच्या खेळण्याकडेही लक्ष दिले, हे मला आधी ठाऊक नव्हते. पुढे ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडला परदेशी महाग साधनांऐवजी शंख, शिंपले, खडे, पाने मुलांच्या हाती दिली. त्यांचा रस्ता फ्रोबेलपेक्षा माँटेसोरीबाईंच्या जवळचा, पण मुलाच्या हाताला काम हवे हे दोघींनाही आणि फ्रोबेलनाही सारखेच मान्य.

लुईझबाई मात्र १९०० सालापर्यंत जगल्या. एक वर्षाचा संसार आणि त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक त्यांनी तेच काम केले, मुली तयार करण्याचे.

आता आपल्या बालवाडीचे. ज्या आईला राग आला होता त्या माझ्या शेजारीच राहतात. मी त्यांच्याकडे दोनदा जाऊन बसले. बाराखडीचा त्यांचा आग्रह अजून आहे आणि तोही मला अगदीच चुकीचा वाटत नाही. त्यांचे स्वतःचे शिक्षण अर्ध्यावर सुटले, मुलीचे तसे होऊ नये ही धास्ती आहे. पण त्यांनी मुलीने केलेला तो करडा कागद टाकून दिलेला नाही. कपाटाच्या आत साडीच्या घडीखाली ठेवला आहे, मी पाहिला. मुलीला त्यांनी बालवाडीतून काढलेले नाही. जूनपासून ताई मोठ्या गटाला त्याच कागदावर अक्षरे गिरवायला देणार आहेत, तेवढ्यावर दोन्ही पक्षांचे जमले आहे.

मंडळाच्या सभासदांनी रद्दी आणून द्यावी. वर्तमानपत्राची चालते, मासिकाचा चकचकीत कागद भिजत नाही, तो नको. टाचण्या काढून आणा. आणि कुणाकडे जुनी बारीक जाळीची चाळण असेल तर हवी आहे, आमच्या चाळणीचे बूड गेले.